बेन-गुरियन यांचा निवाडा तारखा लावून करा: मराठी प्रकाशक, संपादक आणि व्याख्यानमालांच्या संयोजकांना खुले पत्र

प्रति,
मराठी प्रकाशक, नियतकालिकांचे संपादक आणि व्याख्यानमालांचे संयोजक यांस,

स.न.वि.वि.

इस्रायल आणि दुसरे महायुद्ध या विषयांवर मराठीत आज भरपूर छापले जाते आणि बोलले जाते. वाचकही आहेत, श्रोतेही आहेत. पण या साऱ्या लेखनात एक प्रश्न सतत चुकीच्या पद्धतीने हाताळला जातो. युरोपात साठ लाख ज्यूंची कत्तल चालू असताना पॅलेस्टाइनमधल्या ज्यूंचे नेते डेव्हिड बेन-गुरियन यांनी काय केले, हा तो प्रश्न.

मराठीत याची दोनच उत्तरे मिळतात. एका उत्तरात बेन-गुरियन सगळे जाणणारे आणि सगळे पणाला लावणारे राष्ट्रपिता असतात. दुसऱ्यात ते राज्य मिळावे म्हणून युरोपातल्या आपल्याच माणसांना मरू देणारे राजकारणी असतात. पहिले उत्तर इस्रायलचे चाहते देतात, दुसरे इस्रायलवर संतापलेले देतात. दोघांचाही निकाल आजच्या राजकारणावरून आधीच ठरलेला असतो आणि पुरावा नंतर शोधला जातो. कोणत्या दिवशी काय कळले होते आणि त्या दिवशी हातात काय होते, हे दोन्हीकडे गायब असते.

आम्ही हा विषय शिकवणारे आणि अभ्यासणारे आहोत. विद्यार्थी आमच्याकडे येतात ते तुमची पुस्तके वाचून आणि तुमच्या व्यासपीठांवरची भाषणे ऐकून. शिवाय मराठीला हा विषय परका नाही. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले, घरात मराठी बोलणारे बेने इस्रायल ज्यू १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले आणि तिथेही मराठी जपली गेली. आपण छापतो ते त्यांच्यापर्यंतही पोचते. त्यामुळे या बाबतीत गप्प बसणे आम्हाला योग्य वाटत नाही.

पहिली तक्रार सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या एका विधानाबद्दल आहे. जर्मनीतली सगळी मुले इंग्लंडला नेऊन वाचवता येतील आणि पॅलेस्टाइनला नेऊन निम्मीच वाचतील असे कळले, तरी मी दुसरा मार्ग निवडीन, अशा अर्थाचे बेन-गुरियन बोलले होते. हे खरे आहे. मराठीत हे विधान जवळजवळ नेहमी गॅस चेंबरच्या वर्णनाला लागून येते. वाचकाची समजूत अशी होते की ऑशविट्झमध्ये मुले मरत असताना हा माणूस असा हिशेब मांडत होता. विधानाची तारीख ७ डिसेंबर १९३८ आहे. स्थळ, मापाई या त्यांच्या मजूर पक्षाच्या मध्यवर्ती समितीची बैठक. तेव्हा महायुद्ध सुरू व्हायला जवळपास नऊ महिने होते आणि ऑशविट्झची छावणी अस्तित्वातच नव्हती. ९ आणि १० नोव्हेंबरला जर्मनीभर सिनेगॉग जाळले गेले होते. त्यानंतर ब्रिटिश सरकारने ज्यू मुलांना इंग्लंडमध्ये घ्यायचे कबूल केले होते आणि २ डिसेंबरला मुलांची पहिली तुकडी हार्विच बंदरात उतरली होती. मात्र दहा हजार मुलांना पॅलेस्टाइनमध्ये येऊ द्या, ही ज्यू एजन्सीची, म्हणजे पॅलेस्टाइनमधल्या ज्यूंच्या अधिकृत प्रातिनिधिक संस्थेची, मागणी त्याच सरकारने नाकारली होती. बेन-गुरियन यांचा राग त्या नकारावर होता. मुलांची सोय इंग्लंडमध्ये झाली की पॅलेस्टाइनचे दार कायमचे लागेल, अशी त्यांना धास्ती होती.

ही पार्श्वभूमी सांगून आम्ही त्या विधानाची वकिली करत नाही. ते विधान तेव्हाही कठोर होते आणि आजही अंगावर येते. राज्याच्या उभारणीपुढे माणसांचा जीव दुय्यम ठरवणारा विचार त्यांच्या मनात होता, याचा तो पुरावा आहे. पण तो १९३८ चा पुरावा आहे. १९४४ चा आरोप सिद्ध करायला तो चालत नाही, आणि १९४४ चे जे खरे पुरावे आहेत ते मात्र मराठीत कुणी उघडूनही पाहत नाही.

दुसरी तक्रार अधिकारांबद्दलच्या अज्ञानाची आहे. १९३५ पासून बेन-गुरियन ज्यू एजन्सीच्या कार्यकारिणीचे अध्यक्ष होते. मराठी लेखांत ते युद्धकाळातही ‘पंतप्रधान’ असतात, ‘इस्रायल सरकार’ निर्णय घेत असते. ते सरकार १९४८ मध्ये आले. युद्धाच्या काळात पॅलेस्टाइन ब्रिटिश अंमलाखाली होते. ज्यूंची संख्या पाच लाखांच्या आसपास होती. एजन्सीकडे विमानतळ नव्हता, बंदर नव्हते, स्वतःचे सैन्य नव्हते, आणि परक्या देशात कुणाला पाठवायचे तर ब्रिटिश परवानगीशिवाय पान हलत नव्हते.

ब्रिटिश सरकारच्या १७ मे १९३९ च्या श्वेतपत्रिकेने पाच वर्षांत जास्तीत जास्त ७५,००० ज्यूंना प्रवेश द्यायचे ठरवले होते. दरवर्षी दहा हजार, वर पंचवीस हजार निर्वासित. त्यानंतर अरबांच्या संमतीशिवाय कुणीही नाही. बेन-गुरियन यांची प्रसिद्ध घोषणा याच काळातली: श्वेतपत्रिका नाहीच असे समजून हिटलरशी लढू आणि युद्ध नाहीच असे समजून श्वेतपत्रिकेशी लढू. व्याख्यानात ही घोषणा टाळ्या घेते. पण तिच्या दोन भागांचा मेळ प्रत्यक्षात बसत नव्हता. हिटलरशी लढायला ब्रिटन लागत होते आणि ब्रिटनच दार लावून बसले होते.

एक माणूस कायदेशीर वाटेने बाहेर काढायला काय काय लागायचे, हे तरी एकदा नीट छापा. आधी पॅलेस्टाइनच्या ब्रिटिश प्रशासनाकडून प्रवेशाचे प्रमाणपत्र. शत्रुप्रदेशात ते कळवायचे म्हणजे स्विस मध्यस्थीची वाट बघायची. मग माणूस जिथे अडकला त्या सरकारची बाहेर जाण्याची परवानगी, म्हणजे प्रत्यक्षात जर्मनांची मूक संमती. मग रुमानिया किंवा बल्गेरियातून जाण्याचा परवाना, आणि शेवटी तुर्कस्तानचा. १९४३ मध्ये तुर्कस्तान आठवड्याला नऊ कुटुंबांना वाट देत होता. यातला एक कागद उशिरा आला की आधीच्या कागदाची मुदत संपायची. बेकायदा वाट म्हणजे जुनी, गळकी जहाजे. ‘स्ट्रुमा’ अनेक आठवडे इस्तंबूलला अडकून पडली. इंजिन बंद, पॅलेस्टाइनचा परवाना नाही, तुर्की सरकार कुणाला उतरू देईना. शेवटी ती ओढत काळ्या समुद्रात नेऊन सोडली आणि २४ फेब्रुवारी १९४२ ला सोव्हिएत पाणबुडीने बुडवली. साडेसातशेहून अधिक माणसांतला एक वाचला.

तिसरी तक्रार: ‘त्यांना सगळे माहीत होते’ असे एका दमात लिहिले जाते. केव्हापासून? जिनिव्हाहून जागतिक ज्यू काँग्रेसचे प्रतिनिधी गेरहार्ट रीग्नर यांची तार ८ ऑगस्ट १९४२ ला निघाली. युरोपातल्या सर्व ज्यूंना संपवण्याचा बेत आहे, असे तीत होते. अमेरिकी परराष्ट्र खात्याने ती तिथले ज्यू नेते रब्बी (ज्यू धर्मगुरू) स्टीफन वाइज यांच्यापासून दडवली. ब्रिटिश खासदाराच्या हातून ती त्यांना महिनाअखेरीस मिळाली, तेव्हा खातरजमा होईपर्यंत गप्प राहा असे त्यांना सांगितले गेले. वाइज तीन महिने गप्प राहिले आणि २४ नोव्हेंबरला बोलले. त्या वर्षी बेन-गुरियन बराच काळ अमेरिकेत होते. मे महिन्यात न्यूयॉर्कच्या बिल्टमोर हॉटेलात ज्यू राज्याची मागणी मंजूर करून घेण्यात त्यांचा पुढाकार होता, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते परतले. नोव्हेंबरच्या मध्यात पोलंडमधून अदलाबदलीत सुटलेली सुमारे सत्तर माणसे हैफाजवळच्या अटलीत इथल्या ब्रिटिश छावणीत पोचली. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले सांगितले. तोवर बातम्या येत होत्या, पण त्यांवर विश्वास बसत नव्हता, कारण तसे याआधी कधी घडलेले नव्हते. बातमी कानावर येणे, ती खरी मानणे आणि त्यावर काही करता येणे या तीन निराळ्या पायऱ्या आहेत. मराठी लेखनात तिन्ही एकाच क्रियापदात गुंडाळल्या जातात.

३० नोव्हेंबर १९४२ ला यिशुवच्या, म्हणजे पॅलेस्टाइनमधल्या ज्यू समाजाच्या, प्रतिनिधिसभेची खास बैठक झाली आणि तीन दिवसांचा शोक सुरू झाला. बेन-गुरियन यांनी त्या सभेत जर्मन नागरिकांच्या बदल्यात ज्यूंची सुटका मागितली आणि पॅलेस्टाइनची दारे उघडा म्हटले. डिसेंबरमध्ये त्यांनी अमेरिकेतल्या न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना निदान मुले तरी वाचवा म्हणून कळवले. १७ डिसेंबरला दोस्त राष्ट्रांनी संयुक्त निषेध केला आणि ब्रिटिश खासदार उभे राहून स्तब्ध झाले. ३ फेब्रुवारी १९४३ ला वसाहतमंत्री ऑलिव्हर स्टॅनले यांनी बल्गेरियातून चार हजार मुले आणि पाचशे मोठी माणसे घ्यायची तयारी जाहीर केली. श्वेतपत्रिकेच्या कोट्यात २९,००० जागा शिल्लक होत्या. प्रत्यक्षात या योजनेतून जवळजवळ कुणीच आले नाही. जर्मनांनी बल्गेरियावर दबाव आणून सीमा बंद करायला लावली. पुढे मे महिन्यात बर्लिनमधल्या स्विस प्रतिनिधींनी पाच हजार मुलांसाठी विचारणा केली, तेव्हा पॅलेस्टाइनला मुळीच नाही, हवी तर इंग्लंडला पाठवू आणि बदल्यात नजरकैदेतले जर्मन द्या, असे उत्तर मिळाले. जेरुसलेमचे मुफ्ती हाज अमीन अल-हुसैनी तेव्हा बर्लिनमध्ये बसून हाच आग्रह धरत होते.

याच हिवाळ्यात एक सुटका पार पडली आणि तिची वाट हिंदुस्थानातून गेली. सोव्हिएत रशियात निर्वासित झालेल्या पोलिश लोकांबरोबर अनाथ ज्यू मुले इराणमध्ये पोचली होती. ज्यू एजन्सीने तेहरानमध्ये त्यांच्यासाठी निवारा उभारला. इराकने आपल्या भूमीवरून जाऊ दिले नाही. म्हणून जानेवारी १९४३ मध्ये सातशेहून अधिक मुलांना ‘दुनेरा’ जहाजाने कराचीला आणले, तिथून दुसऱ्या जहाजाने सुएझला, आणि रेल्वेने १८ फेब्रुवारीला अटलीतला. नेहमीच्या रस्त्याने काही दिवसांचा प्रवास, त्याला दीड महिना लागला. कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत आलेली पोलिश कुटुंबेही याच इराणच्या वाटेने आली होती. वळिवड्यावर मराठीत आवर्जून लिहिले जाते आणि ते लिहिलेच पाहिजे. पण त्याच लोंढ्यातल्या तेहरानच्या मुलांचा उल्लेख आमच्या पाहण्यात फार कमी येतो.

चौथी तक्रार पैशांची. एजन्सीने खंडणी दिली असती तर लाखो वाचले असते, हे वाक्य बेधडक छापले जाते. स्लोव्हाकियात तिथले ज्यू कार्यकर्ते गिझी फ्लाइशमान आणि रब्बी वाइसमांडल यांनी ज्यूंची रवानगी थांबावी म्हणून नाझींच्या एसएस दलाचा अधिकारी डीटर विस्लिसेनी याच्याशी बोलणी चालवली होती. त्यांची पैशांसाठीची पत्रे वाचवत नाहीत. पण पैसा पाठवायचा कसा? शत्रुप्रदेशात चलन पाठवणे ब्रिटिश आणि अमेरिकी नियमांनी गुन्हा होता. म्हणून इस्तंबूलमधल्या एजन्सीच्या मंडळाने, म्हणजे चाइम बार्लास, मेनाहेम बाडर, व्हेन्या पोमेरान्झ या मंडळींनी, रोकड आणि पत्रे हस्तकांकरवी पाठवली. यातले अनेक हस्तक जर्मन गुप्तहेर खात्यासाठीही काम करत होते. काही पैसे पोचवायचे, काही त्यातून आपला वाटा काढायचे, पत्रांच्या नकला जर्मनांकडे जायच्या. तरी दुसरा रस्ता नव्हता. मागितलेल्या रकमेचा काही भाग एजन्सीने असाच गुप्तपणे पाठवला. कायदेशीर वाटेचे हाल पाहायचे तर रुमानिया आणि फ्रान्समधल्या ज्यूंसाठी रीग्नर यांनी एप्रिल १९४३ मध्ये मागितलेला पैसे पाठवण्याचा परवाना पाहा. अमेरिकी परराष्ट्र खात्याने तो इतका रेंगाळवला की तो डिसेंबरमध्ये निघाला. तेवढ्यात आठ महिने गेले. ही अडवणूक अमेरिकी अर्थखात्यातल्या अधिकाऱ्यांनी उघडी पाडली, तेव्हा कुठे २२ जानेवारी १९४४ ला रूझवेल्ट यांनी युद्ध निर्वासित मंडळ नेमले.

आता १९४४. आमच्या मते बेन-गुरियन यांच्याविषयी खरा प्रश्न इथे उभा राहतो, आणि तुमच्या पुस्तकांत या वर्षाला जेमतेम परिच्छेदभर जागा असते.

१९ मार्चला जर्मनांनी हंगेरी ताब्यात घेतला. १५ मेपासून गाड्या ऑशविट्झला जाऊ लागल्या. ९ जुलैपर्यंत सुमारे ४,३७,००० ज्यू नेले गेले आणि त्यांतले बहुसंख्य पोचल्याबरोबर मारले गेले. १९ मे रोजी बुडापेस्टच्या ज्यू बचाव समितीचे योएल ब्रांड इस्तंबूलला उतरले ते ज्यूंच्या रवानगीची सूत्रे हलवणारा एसएस अधिकारी आइखमान याचा निरोप घेऊन: दहा लाख ज्यूंच्या बदल्यात दहा हजार ट्रक, जे फक्त पूर्व आघाडीवर वापरले जातील. बरोबर बांडी ग्रोस हा दुहेरी-तिहेरी हेर. पोमेरान्झ ही बातमी घेऊन जेरुसलेमला आले आणि २५ मे रोजी कार्यकारिणी बसली. दुसऱ्याच दिवशी बेन-गुरियन आणि एजन्सीच्या राजकीय विभागाचे प्रमुख मोशे शेर्टोक यांनी ब्रिटिश उच्चायुक्त हॅरोल्ड मॅकमायकेल यांना सगळे सांगितले. इथे त्यांच्यावर आरोप होतो की ब्रिटिशांना सांगून त्यांनी बेत बुडवला. हा आरोप आम्हाला पटत नाही. ट्रक ज्यू एजन्सीकडे नव्हतेच. ब्रांड आणि ग्रोस यांच्यावर ब्रिटिश हेरखात्याचा डोळा होता. ब्रिटिशांपासून लपवून यातले एक पाऊलही टाकता आले नसते. एजन्सीची भूमिका अशी होती की हो म्हणू नका, नाही तर मुळीच म्हणू नका, बोलणी लांबवा, कारण बोलणी चालू असतील तर कदाचित गाड्या थांबतील. शेर्टोक यांना तुर्कस्तानचा व्हिसा मिळाला नाही, म्हणून भेट अलेप्पोला झाली आणि तीही ब्रांड ब्रिटिशांच्या ताब्यात असताना. पुढे ब्रांड यांना कैरोला नेऊन ठेवले. सोव्हिएत रशियाने सौद्याला साफ विरोध केला. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ब्रिटिश वृत्तमाध्यमांनी सौदा उघड केला आणि विषय संपला.

ज्या तारखेबद्दल बेन-गुरियन यांना जाब विचारला पाहिजे ती ११ जून १९४४. त्या दिवशी जेरुसलेमला कार्यकारिणीची बैठक बेन-गुरियन यांच्या अध्यक्षतेखाली झाली. बचाव समितीचे प्रमुख यित्झाक ग्रुनबाउम यांनी मृत्युछावण्यांवर बॉम्बहल्ले करण्याची मागणी दोस्त राष्ट्रांकडे करावी, असा विषय मांडला. ते आधीच अमेरिकी वाणिज्यदूताशी बोलले होते. बैठकीने नकार दिला. पोलंडमधली खरी परिस्थिती आपल्याला ठाऊक नाही, आणि जिथे ज्यू आहेत तिथे बॉम्ब टाका असे आपण सुचवू शकत नाही, असा बैठकीचा सूर होता. बेन-गुरियनही त्याच मताचे होते. ऑशविट्झ ही मजुरांची छावणी असावी, असे तोवर तिथल्या अनेकांना वाटत होते.

७ एप्रिलला ऑशविट्झमधून निसटलेले रुडॉल्फ व्हर्बा आणि आल्फ्रेड वेट्झलर यांनी एप्रिलअखेर सविस्तर जबानी दिली होती. गाड्या कुठे थांबतात, निवड कशी होते, गॅस चेंबर कुठे आहेत, सगळे तीत होते. ती स्वित्झर्लंडमार्गे जूनच्या उत्तरार्धात बाहेरच्या जगात आणि मग जेरुसलेमपर्यंत पोचली. त्यानंतर भूमिका उलटली. ६ जुलैला लंडनमध्ये झायोनिस्ट, म्हणजे ज्यू राज्यासाठी झटणाऱ्या, जागतिक संघटनेचे अध्यक्ष चाइम वाइझमन आणि शेर्टोक यांनी ब्रिटिश परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांच्याकडे ऑशविट्झवर आणि तिकडे जाणाऱ्या रेल्वेवर बॉम्बहल्ल्याची मागणी केली. दुसऱ्या दिवशी चर्चिल यांनी ईडनना लिहिले की हवाई दलाकडून शक्य ते करून घ्या. १ सप्टेंबरला नकाराचे पत्र आले. मधल्या काळात, २० ऑगस्टला, अमेरिकी विमानांनी ऑशविट्झच्याच मोनोविट्झ भागातल्या कारखान्यावर बॉम्ब टाकले होते. गॅस चेंबर तिथून काही किलोमीटरवर होते.

११ जूनला हंगेरीतून सुमारे २,९०,००० माणसे आधीच गेली होती. नकार आणि मागणी यांमध्ये पंचवीस दिवस आहेत. एजन्सीने ११ जूनलाच मागणी केली असती तर विमाने उडाली असती, असा दावा आम्ही करत नाही. नंतर मागितल्यावरही ती उडाली नाहीत. पण हंगेरीहून रोज हजारो माणसे ‘मजुरीसाठी’ नेली जात आहेत, त्यांत म्हातारे आणि तान्ही मुले आहेत, हे कळत असताना छावणीविषयी आणखी माहिती काढण्याची घाई त्या बैठकीला असायला हवी होती. ती दिसत नाही. आमची फिर्याद एवढीच आहे आणि आमच्या मते ती १९३८ च्या त्या विधानापेक्षा गंभीर आहे.

आणखी एक बाब. बचाव हे काम बेन-गुरियन यांनी स्वतःकडे घेतले नाही. समिती ग्रुनबाउम यांच्याकडे दिली, जी मोठी आणि ढिसाळ होती. हस्तक, पैसा, जहाजे यांचे निर्णय शेर्टोक, खजिनदार एलिएझर काप्लान आणि स्वतः बेन-गुरियन यांच्या छोट्या वर्तुळात, गुपचूप होत राहिले. गुप्ततेला कारण होते. पण त्यामुळे लोकांसमोर बचाव हा नेत्याचा पहिला विषय कधी झालाच नाही. ऑक्टोबर १९४३ मध्ये वाइझमन यांच्याशी झालेल्या भांडणातून त्यांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला आणि काही महिन्यांनी ते परतले. त्या काळात असल्या भांडणाला वेळ मिळणे हेच आम्हाला खटकते. दुसरीकडे अमेरिकेत हिलेल कूक, म्हणजे पीटर बर्गसन, ज्यूंच्या बचावासाठी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती छापत होते. ६ ऑक्टोबर १९४३ ला सुमारे चारशे रब्बी वॉशिंग्टनच्या रस्त्यावर उतरले. प्रस्थापित ज्यू संघटनांनी बर्गसन यांना जोरदार विरोध केला, पण युद्ध निर्वासित मंडळामागे या रस्त्यावरच्या दबावाचाही वाटा होता. लंडनमध्ये पोलिश राष्ट्रीय परिषदेतले, बुंद या ज्यू समाजवादी पक्षाचे नेते श्मुएल झिगेलबॉइम यांनी जगाच्या मौनाचा निषेध म्हणून मे १९४३ मध्ये जीव दिला. ते झायोनिस्ट नव्हते, म्हणून त्यांचे नाव इस्रायलवरच्या मराठी पुस्तकात सहसा येत नाही. हेही चुकीचे आहे.

पॅलेस्टाइनमधून जाऊन नाझीव्याप्त युरोपात हवाई छत्रीने उतरलेल्या ज्यू स्वयंसेवकांबद्दल एक दुरुस्ती. एजन्सीला शेकडो माणसे पाठवायची होती. ब्रिटिशांनी मोजकीच घेतली, आणि तीही मुख्यतः आपल्या वैमानिकांच्या सुटकेसाठी आणि हेरगिरीसाठी. सदतीस गेले, सात मारले गेले. हाना सेनेश यांना ७ नोव्हेंबर १९४४ ला बुडापेस्टमध्ये गोळ्या घातल्या, एन्झो सेरेनी दाखाउमध्ये संपले. ‘त्यांनी हजारो ज्यूंना सोडवले’ असे छापू नका. त्यांचे धैर्य तेवढ्याविनाही पूर्ण आहे.

आमच्या मागण्या अशा.

बेन-गुरियन यांचे कोणतेही विधान छापताना त्याची तारीख, स्थळ आणि ते कुणापुढे केले हे त्याच ओळीत द्या. तारीख देता येत नसेल तर ते विधान गाळा.

मेपर्यंत काय कळले होते, जूनमध्ये काय, जुलैत काय, हे १९४४ विषयी लिहिताना वेगळे ठेवा. ११ जूनचा नकार आणि ६ जुलैची मागणी या दोन्ही गोष्टी एकत्रच द्या. एक दिली आणि दुसरी गाळली की वाचकाची फसवणूक होते, मग गाळणारा बेन-गुरियन यांचा भक्त असो की विरोधक.

प्रवेशाची दारे कुणाच्या हातात होती, ते नावानिशी लिहा: लंडनचे वसाहत खाते आणि परराष्ट्र खाते, वॉशिंग्टनचे परराष्ट्र खाते, अंकारा, बगदाद. आणि मारेकरी कोण होते ते पहिल्या वाक्यात लिहा. बचाव का झाला नाही यावरच्या लेखात नाझी राजवट दुय्यम पात्र होऊन बसते, असे आम्ही वारंवार पाहिले आहे.

व्याख्यानमालांच्या संयोजकांना विनंती की या विषयावर वक्ता बोलावताना प्रश्नोत्तरांना निदान अर्धा तास राखून ठेवा आणि वक्त्याकडून तारखांचा एक पानाचा तक्ता आधी मागून श्रोत्यांना वाटा.

ज्या पुस्तकांत १९३८ चे विधान तारखेविना आले आहे, युद्धकाळातल्या एजन्सीला ‘इस्रायल सरकार’ म्हटले आहे किंवा खंडणी नाकारल्याचा सरसकट आरोप केला आहे, त्यांच्या पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करा, आणि तोवर शुद्धिपत्र चिकटवा. मजकूर तपासून देण्याचे काम आम्ही मानधनाशिवाय करू; पाने पाठवा, महिन्याभरात परत मिळतील.

कळावे,

आपले,
इतिहासाचे काही शिक्षक आणि अभ्यासक